त्रेचाळीसचे चव्वेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना नंबर आहे. म्हणजे एखादा आकडा नव्हे. वेबपानांमागच्या प्रोग्रामात आकडे ज्याच्याकडे ठेवायला देतात, तो मी. ताप किती, वय किती, सामन्यात धावा किती, घर अजून किती किलोमीटर, हे सगळे तुम्हाला पडद्यावर दिसते ते माझ्या भरवशावर. माझ्याबद्दल चांगले सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण सध्या मला सवतीमत्सर जडला आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म घाईत झाला. मला चौसष्ट खणांचे पोट मिळाले. एक खण अधिक-उण्यासाठी, काही खण दशांशचिन्ह मागेपुढे सरकवायला आणि उरलेले अंकांसाठी. म्हणून मला तीनही धरता येतात आणि साडेतीनही. पण अंकांचे खण मोजके. एकं, दहं, शतं म्हणत तुम्ही अब्ज, खर्व, निखर्व ओलांडून गेलात, तर अंत्य नावाचे सोळावे स्थान लागते. नऊ अंत्यांच्या जरासे पुढे माझे पोट भरते. त्यानंतर लगतच्या दोन संख्या मला वेगळ्या ठेवता येत नाहीत. सम असली तर राहते, विषम असली तर मी तिला शेजारच्या समावर ढकलतो. हे मी कुणाला सांगत नाही. मुकाट्याने करतो.

बरीच वर्षे याचा कुणाला पत्ता लागला नाही. एवढाले आकडे लागतात कुणाला?

मग मोठमोठे पूर्णांक सांभाळणारा बिगइंट आला. त्याच्या पोटाला मर्यादाच नाही, जितके अंक द्याल तितका तो पसरतो. त्याच्या आकड्यामागे इंग्रजी एन हे अक्षर लावतात, म्हणून मी त्याला शेपट्या म्हणतो. अर्थात हे नाव मी एकटाच वापरतो, बाकीचे सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. ज्याला साधे अडीच धरता येत नाहीत, पाचाला दोनाने भाग म्हटले की जो दोन म्हणून मोकळा होतो, त्याचे एवढे लाड! मी इतकी वर्षे राबलो, पण पिकते तिथे विकत नाही हेच खरे.

त्या काळात मी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेच्या पानावर नोकरीला होतो. रक्ताच्या प्रत्येक नळीला एक लांबलचक क्रमांक असे. प्रयोगशाळेने दुसरा मजला घेतला आणि क्रमांक सतरा अंकी झाला. प्रोग्रामर बाईंनी मला विचारले, जमेल का? म्हणजे एक क्रमांक घालून पाहिला. त्यांना चाचणीसाठी एकावर शून्ये देत सुटायची खोड होती. एकावर सोळा शून्ये. सम संख्या! मी ती जशीच्या तशी परत केली आणि बाई खूश होऊन चहाला गेल्या.

आठवड्याभरात तक्रार आली, की शेवटी सत्तेचाळीस असलेली नळी पानावर सापडतच नाही. सापडेल कशी? मी तिची अठ्ठेचाळीस केली होती. बाईंना शंका आली आणि त्यांनी शेपट्याला बोलावले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांच्या हातून एक चूक झाली. मुख्य संगणकाकडून येणारे माहितीचे पाकीट अजून मीच फोडत होतो आणि आतला क्रमांक त्याच्या हाती देत होतो. म्हणजे मी आधी शेवटचा अंक बिघडवायचा आणि त्याने तो जिवापाड सांभाळायचा. मला आनंद झाला, मित्रांनो. मी मनात म्हटले, होऊ दे याची फजिती.

त्याच सुमारास तीन भावंडांचे रक्त तपासणीला आले. धाकटी आजारी होती. दोघा मोठ्यांपैकी कुणाची अस्थिमज्जा जुळली तरच ती वाचणार होती. मोठ्या भावाच्या नळीच्या क्रमांकाशेवटी त्रेचाळीस, मधल्या बहिणीच्या चव्वेचाळीस. पानावर दोघांपुढेही एकच उत्तर उमटले. जुळत नाही.

तो भाऊ बस चालवायचा. खाकी गणवेशातच तो नळ्या सांभाळणाऱ्या काकूंपुढे येऊन उभा राहिला.

"काकू, हा माझा रिपोर्ट नाही."

"अहो, नाव तुमचंच आहे ना?"

"नाव माझं आहे, पण रक्तगट बघा. इथं 'बी' लिहिलाय. माझा ओ आहे. दर वर्षी रक्त देतो मी, मला माहीत नसणार का?"

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, नळी काढली आणि तिच्या चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अंक वाचला. मग पडद्यावरचा वाचला. मग पुन्हा चिठ्ठीवरचा.

"इथं त्रेचाळीस आणि तिथं चव्वेचाळीस! अहो, तुम्हाला बहिणीचाच रिपोर्ट दाखवतंय हे."

"मग माझा कुठाय?"

 काकू फोनकडे धावल्या.

बाई आल्या आणि आल्या आल्या शेपट्यावर घसरल्या. "हे नवीन खूळ आणलं तिथंच चुकलं," असे म्हणून त्यांनी त्याला प्रोग्राममधून काढून टाकले आणि सगळा कारभार पुन्हा माझ्या हाती दिला. इतकी वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली होती! त्यांनी पान पुन्हा उघडले. भाऊ त्यांच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभा होता. मी जीव तोडून प्रयत्न केला, खरे सांगतो. पण माझ्या पोटात त्रेचाळीसला जागाच नव्हती. पडद्यावर चव्वेचाळीस आले.

बाईंनी न फोडलेले पाकीट पाहिले. आत त्रेचाळीस. फोडल्यावर चव्वेचाळीस.

"अगं बाई! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

मग त्यांनी शेपट्याला परत आणले आणि मुख्य संगणकाला पाकिटातल्या क्रमांकाभोवती अवतरणचिन्हे घालायला लावली. त्यामुळे तो मजकूर समजून माझ्या हाताला न लागता थेट शेपट्याकडे गेला. पडद्यावर त्रेचाळीस उमटले. रक्तगट ओ. आणि खाली एकच शब्द, जुळते.

 काकूंनी भावापुढे पाण्याचा पेला धरला, तो त्याने बाजूला सारला. "आईला फोन लावा," एवढेच तो म्हणाला. सगळे रडत होते, हसत होते, आणि माझ्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हते. त्या गर्दीतही मला शेपट्याचा हेवाच वाटला. असा आहे मी.

नंतर बाईंनी आम्हा दोघांना एका बेरजेत बसवून पाहिले. शेपट्याने साफ नकार दिला. अशी सरमिसळ मला जमणार नाही, अशा अर्थाची लाल ओळ पडद्यावर आली आणि काम थांबले. कुणीही त्याला रागावले नाही. त्या दिवसापासून मला त्याच्या पोटाचा हेवा वाटत नाही. मला त्या लाल ओळीचा हेवा वाटतो. मला आयुष्यात एकदाही अशी ओळ लिहिता आली नाही.

म्हणून विनंती करतो. ताप, वय, धावा, साडेतीन, सारे माझ्याकडे आणा, मी इमानाने सांभाळीन. पण क्रमांक फार लांब दिसला, तर तो मजकूर म्हणून ठेवा किंवा बिगइंटकडे द्या. जमेल का, असे मला विचारू नका, मित्रांनो. मी हो म्हणेन.