सुमंतला ट्रेन का हवी होती

"इटलीत आपण ट्रेननंच फिरू," असं सुमंत म्हणाला, तेव्हाच नेत्राच्या मनात पाल चुकचुकली.

अमेरिकेत, नोव्हायमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, तो माणूस आणि ट्रेन! फ्लॉरेन्सहून सिएनापर्यंत डोंगरातल्या रस्त्यांनी भाड्याची गाडी पळवायची, हे त्याचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. कुणाकडे जेवायला गेलं की भात वाढायच्या आत तो विषय निघायचाच. आणि आता, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जायचं ठरल्यावर, गाडी नको?

"अगं, गावात गाडी नेली की फाइन मारतात. पार्किंगची बोंब. ट्रेन मस्त असतात यार."

"तूच म्हणायचास, ट्रेननं जाणारे इटली बघत नाहीत, स्टेशनं बघतात."

"म्हणालो असेन," एवढं बोलून तो गराजमध्ये निघून गेला.

मग नेत्राला एकेक गोष्ट खटकू लागली. कधी कुणाला स्टिअरिंगला हात लावू न देणारा हा हल्ली म्हणायचा, "तू चालव, मला एक फोन करायचाय." फोन मात्र करायचा नाही. ऑफिसला सोबतच्या यतीनच्या गाडीतून जायचा; कारण विचारलं तर म्हणे, पर्यावरण. नवऱ्याला पन्नाशीत पर्यावरण आठवलं म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

शनिवारी ड्रायरमधून कपडे काढताना तिला दाराआडून त्याचा फोनवरचा आवाज आला. "नेत्राला काही बोलू नकोस. ट्रिप होऊन जाऊ दे, मग बघू."

मग बघू? काय बघू? दुसऱ्या दिवशी तिनं चहासोबत थाप मारली, "मी गाडी बुक केली. छोटीशी, लाल."

सुमंतचा चेहरा उतरला. "कॅन्सल कर."

"होत नाही. चल, भाजी आणू. आज तू चालव."

नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. कॉलनीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, डावीकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली. नेत्रा किंचाळली. ब्रेक लागले. बंपरला चिकटून उभ्या राहिलेल्या बाईनं बॉनेटवर हात आपटला, कुत्र्याला ओढलं आणि शिव्या देत ती निघून गेली.

"कुठून आली ती?" सुमंत पुटपुटला.

"डावीकडून. तू तिच्याकडेच बघत होतास."

 मग समोर पाहतच तो म्हणाला, "त्या बाजूचं मला दिसत नाही, नेत्रा. काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही म्हणतात."

"शनिवारी फोनवर कोण होतं?"

"केया."

केया, त्यांची मुलगी, शिकागोत डोळ्यांचंच शिकत होती. दुसरी बाई निघाली असती तर निदान भांडता आलं असतं. इथे पोटच्या पोरीलाही माहीत, आणि आपल्याला नाही!

"मला का नाही सांगितलंस?"

"तू किल्ल्या काढून घेतल्या असत्यास."

"घेतल्याच असत्या!" ती ओरडली. "आत्ता एक जीव गेला असता."

त्यांनी जागा बदलल्या. तिनं गाडीतूनच केयाला फोन लावला. "मॉम, आय टोल्ड हिम टू टेल यू," पोरगी रडकुंडीला आली. "एव्हरी सिंगल टाइम!"

"मग तू सांगायचंस," नेत्रा म्हणाली.

मे महिन्यात ते इटलीला गेले, ट्रेननंच. सिएनाला उतरताना सुमंत म्हणाला, "सोड, दिसतंय मला सगळं." नेत्राचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. जिना संपेपर्यंत तिनं त्याचा डावा दंड सोडला नाही, आणि त्यानंही सोडवून घेतला नाही.