जाळीदार पिल्लाची मान

कल्पना कर, तुझ्या हातात अजगराचं एक पिल्लू आहे. तुझ्या अंगठ्याएवढं जाड, आणि सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. आता दोन बोटांनी त्याची मान धर. अलगद, घट्ट नको. धरलीस? असंच धरून राहणं हे उमामाचं काम होतं.

आखातातल्या बरका गावाबाहेरच्या एका शेतावर तिचे अब्बा, रत्नागिरीचे नूरुद्दीन, अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, साप सांभाळत. माद्या साध्या तपकिरी होत्या आणि नर एकच, जाळीदार. पिल्लं साधारण निम्मी जाळीदार निघत, निम्मी साधी. असं का, ते अब्बांनी तिला सांगितलं होतं. प्रत्येक पिल्लाला एक चिठ्ठी आईकडून मिळते, एक बापाकडून. या बापाच्या दोन चिठ्ठ्यांपैकी एकीवरच जाळी आहे. ती ज्याच्या वाट्याला आली, ते पिल्लू जाळीदार.

पण जाळीदार पिल्लांची डोकी डगमगत. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुके. कधी ती उताणी पडत आणि वर कुठलं, खाली कुठलं, हेच त्यांना कळत नसे. एका गिऱ्हाइकाला ते दिसलं, तेव्हा अर्बाब म्हणाला होता, नाचतोय तो.

नक्षी ठेवून डगमगणं तेवढं काढता नाही का येणार, असं उमामानं अब्बांना विचारलं होतं.

"नाय गो. ज्या चिठ्ठीवर नक्षी, त्याच चिठ्ठीवर ते पण लिवलंय."

"मग हाच नर पुन्हा कशाला लावता?"

अब्बा पाण्याची भांडी धूत राहिले. मागणी नक्षीलाच होती. आता एकच पिल्लू उरलं होतं, आणि अर्बाबनं बजावलं होतं की आजचं गिऱ्हाईक परत गेलं तर खलास, नूरुद्दीननं गावी जावं. मान धरली की डोकं स्थिर दिसतं.

अल मवालेहहून धनेश नावाचे गृहस्थ आले, सोबत त्यांची मुलगी उर्वी. ती टेबलावर वाकून बघत राहिली.

"तू त्याला का पकडलंय? तो बाइट करतो?" तिनं अडखळत्या मराठीत विचारलं.

"नाही."

"मग सोड ना. मला तो चालताना बघायचंय."

आत्ताच जेवलाय, सुस्त आहे, असं अब्बा घाईनं म्हणाले. शेजारी उभ्या अर्बाबनंही मान डोलावली. धनेशनी मात्र उमामालाच विचारलं, "बाळ, ठणठणीत आहे ना हा?"

उमामानं अब्बांकडे पाहिलं. अब्बा जमिनीकडे बघत होते.

तिनं पिल्लू टेबलावर ठेवलं आणि दोन्ही बोटं काढून घेतली.