पावणेआठ ग्रॅमच्या आत

विनी ट्रँटरनं चांदीच्या कड्यावर कानस धरली आणि मान वर न करता म्हणाली, "उजेडातून बाजूला हो. तू काय काचेचा आहेस?"

क्लाइव्ह सरकला. अंगात कोट तसाच, हातात मोटारीची किल्ली. हॉकलीतल्या सोनारांच्या वस्तीत, माडीवरच्या त्या कामाच्या खोलीत तो लहानपणापासून असाच उभा राहायचा, कशालाही न टेकता. कपड्यांना काही लागायला नको.

"आई, बाबांचा ठशाचा पंच दे. हॉलमार्कच्या कचेरीत जमा करायचाय."

पंच तंबाखूच्या डबीत होता. बोटभर पोलादाचा तुकडा आणि टोकाला होरेस ट्रँटरच्या नावाची दोन अक्षरं. होरेस गेला तशी ती अक्षरंही गेली. मेलेल्या माणसाचा ठसा चालत नाही. आणि कुणाचा तरी ठसा असल्याशिवाय कचेरी कस लावत नाही, त्याच्या शेजारी आपली जहाजाच्या नांगराची खूण उमटवत नाही. मग ती चांदी चांदी म्हणून विकता येत नाही. विकायचीच तर 'पांढरा धातू' म्हणा. पांढरा धातू! बादली विकायची आहे का?

"घासून टाकतील ना ते?"

"नियमच आहे तो."

"तुझ्या बाबांनी कितीतरी वर्षांत हा हातात धरला नव्हता. कप उचलला तरी अर्धा चहा बशीत जायचा. ठाऊक आहे ना?"

"तू खूप मदत केलीस त्यांना. माहीत आहे मला."

कानस थांबली. मग पुन्हा चालू लागली, जरा जोरात.

क्लाइव्हनं खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून बाकावर ठेवलं. कोरा करकरीत पंच होता. त्यावरची अक्षरं क्लाइव्हची होती.

"जागा माझ्या नावावर झाली, तर म्हटलं ठसाही घेऊन टाकावा. तुला काही बघायला नको. तू करत राहा."

"डाख लावता येतो का रे तुला? डाखाला लागणारी सवागी कशाशी खातात माहीत आहे?"

"ठसा ज्याचा, जबाबदारी त्याची, एवढंच असतं. करणारं कुणी का असेना."

"मग माझ्या नावाचा का नाही घेतलास?"

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"दहा वर्षांसाठी नोंदवावा लागतो, आई."

विनीला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"आणि खर्च बघ ना," छतानं काही मदत केली नाही तेव्हा तो म्हणाला. "एक कडं पाठव नाहीतर शंभर, पाकिटाला कचेरी पैसे लावतेच. हातानं एकेक करून पाठवलं तर ठशाचा खर्चच सगळा नफा खाऊन टाकतो. मी आता साच्यातून ओतून घेणार. शंभर नग एकदम. तू नुसतं घासून चकाकी द्यायची."

"नुसतं घासून."

"नाहीतर बसून तरी काय करशील?"

बाक तिचा होता, बाकाखालची फरशी त्याची. गॅस त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. कानस तेवढी कुणाच्या नावावर नव्हती.

"ते कडं झालं ना? दे. माझ्या ठशाखालचं पहिलं जाऊ दे."

त्यानं हात पुढे केला. विनीनं कडं बोटांत फिरवलं. सांधा जोडला तेव्हा होरेस खाटेवर होता. तिनं खाटेपाशी नेऊन दाखवलं. त्यानं थरथरत्या अंगठ्यानं ते सगळीकडून चाचपलं आणि म्हणाला, "सांधा कुठाय गं, विने?" जन्मभरात तिच्या कामाबद्दल तो बोलला ते एवढंच.

"थांब. थोडं काम राहिलंय," ती म्हणाली, आणि तिनं बारीक करवत घेतली.

"आई! अगं, झालेलं होतं ते!"

चुरा मांडीवर पसरलेल्या चामड्यात पडत राहिला. दोनदा कापल्यावर एक तुकडा सुटला. तो तिनं काट्यावर ठेवला आणि क्लाइव्हला दिसेल असा काटा फिरवला.

"पावणेआठ ग्रॅमच्या आत आहे. एवढ्या हलक्या चांदीला कायद्यानं ठसा लागत नाही. माझा नाही, तुझा नाही, कुणाचाच नाही. ठोकून लांबवला की अंगठी होईल. आणि तिला चांदी म्हणायला मला कुणाला विचारावं लागत नाही. तुझ्या बाबांनी शिकवलं नाही का तुला? शिकवलं असतं. तू कोट सांभाळत होतास."

"मग यापुढे कडी कोण करणार?"

विनीनं तुकडा उचलून बाकावर ठेवला. नीट, कडेला लावून.

"कुणी नाही."

तंबाखूची डबी तिनं त्याच्याकडे सरकवली. "हा घे तुझ्या बाबांचा पंच. तुझाही उचल. आणि जाताना दार लाव, वाऱ्यानं कीस उडतो."

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. विनीनं उरलेलं कडं पुन्हा बाकाला टेकवलं. सांध्यावर करवत चालवू नये, तुकडा पुढे तिथंच उकलतो. म्हणून पुढचा तुकडा कापायच्या आधी तिनं सांधा शोधला. नख फिरवलं. चष्मा पुसून खिडकीशी धरून पाहिलं.

सापडला नाही.