तरव्याचा धूर

उन्हाळा सरत आला की आपल्या डोंगराकडच्या गावांतून धूर निघू लागतो. भाताची रोपं करायच्या वाफ्यावर, म्हणजे तरव्यावर, फांद्या रचून भाजायच्या, ही जुनी रीत. त्या धुरात कुणी खोकलं तर आपण म्हणतो, चालायचंच!

हिर्डोशीच्या सर्जेरावांच्या घरी हे चालत आलं होतं. गावाचे तरवे ओढ्यापल्याड, यांचा मात्र अगदी परसात, आणि त्यांच्या पत्नी कमळाबाईंना दमा. म्हणून तरवा भाजायच्या आधी त्या बहिणीकडे उत्रोलीला जायच्या, ते पावसानं राख बसल्यावरच परतायच्या. यंदाही पिशवी भरून त्या ओट्यावर एसटीची वाट बघत होत्या. सर्जेराव बांधावर माजलेली घाणेरी तोडून तरव्यावर रचत होते.

"मामा, जाळू नगा," सून माया म्हणाली. "आमच्या बचत गटानं फांद्या बारीक करायचं यंत्र आणलंय. भुगा शेणात कुजवू, फुडल्या साली खत हुईल. यंदा जुनं शेणखत घालू."

"राखंबिगर रोप येतंय व्हय? आन तण माजंल, त्ये?"

"तण मी खुरपीन. पर दर साली आत्याबाई घर सोडून जात्यात, त्येचं काय?"

"चार दिसांचा तर परश्न!"

"जाऊ दे गं माया," कमळाबाई हसून म्हणाल्या. "फकस्त एकच वाटतं. लगीन होऊन आले तवापासनं दमा जडंपतूर तरव्यात बी मी टाकायची. आता माघारी येते, तवा ह्येंनी पेरल्यालं असतंय."

सर्जेरावांच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. जिच्यासोबत संसार केला, जिला घास मिळावा म्हणून भात पिकवायचा, तिलाच आपण दरसाल घराबाहेर काढतो!

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सर्जेरावांनी पिशवी उचलली आणि सरळ घरात नेऊन ठेवली.

"अवं, गाडी जाईल की!"

"जाऊ दे. माया, आण बाई तुजं यंत्र."

दुसऱ्या दिवशी घाणेरीचा ढीग घरघरत भुगा झाला. पावसाच्या तोंडावर कमळाबाईंनी ओटीत बी घेतलं आणि सावकाश तरवाभर टाकलं. सर्जेराव बांधावर बसून नुसते बघत होते.

तण यंदा जरा जास्तच आलं. मायानं ते खुरपलं. पण रोपही दाट आलं. "राखंबिगर आलं की वो!" शेजारचे रखमाजी म्हणाले.

"तिच्या हातचं हाय," सर्जेराव म्हणाले. "यंत्र तुमच्याकडं कवा आणू?"

मंडळी, रीत माणसांसाठी असते. ज्या रीतीपायी आपलंच माणूस घराबाहेर पडतं, ती सोडायला धीर लागतो खरा, पण ती सोडली की घर भरतं. यंदा काडी ओढण्याआधी एकदा मागं वळून बघा, ओट्यावर कोण खोकतंय ते.