बांडगूळ

नाटक कंपनीचे मालक राजाची भूमिका स्वतःच करत. कंपनी त्यांची, मुकुट त्यांचा, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. राणी बायको. प्रधान मेहुणा. नाटकातही प्रधान राणीचा भाऊच होता, त्यामुळे निदान नात्यांची तरी तालीम करावी लागत नसे.

पूर्वी विंगेत एक प्रॉम्प्टर असायचा. "राजाने काय बोलावं हे राजाला कोण सांगणार?" असं म्हणून मालकांनी त्याला नारळ दिला. त्यानंतर आपलं एकही वाक्य चुकलेलं नाही, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सगळ्यांना ऐकवत.

अलीकडे मात्र एक गोष्ट त्यांना खुपत होती. त्यांचं लांबलचक भाषण सुरू झालं, की शेजारी उभ्या मेहुण्याचे ओठ खोट्या दाढीआड हलायचे. प्रत्येक प्रयोगाला.

"माझी भूमिका पाठ करतोय तुझा भाऊ," रंगपटात मिशी चिकटवता चिकटवता ते बायकोला म्हणाले. "गादीवर डोळा आहे त्याचा. हुशार माणूस, गप्प थोडाच बसणार!"

"अहो, तो ओठ हलवतो म्हणून तर तुमचं…"

"झालं! घेतलीस माहेरची बाजू!"

बायको मुकुटाचा निखळलेला खडा डिंकाने बसवत राहिली.

मालकांनी सूड घ्यायचं ठरवलं. तोही घरातल्या घरात नाही, भरल्या नाट्यगृहात. दुसऱ्या अंकात राजा प्रधानावर संशय घेतो, राणी मध्ये पडते आणि राजा त्याला सोडून देतो, असं नाटकात होतं. आज सोडायचं नाही. पदरचं वाक्य घालून हाकलायचं. ते एवढं वाक्य त्यांनी दाढी करताना, जेवताना, बुटांच्या नाड्या बांधताना घोटून घोटून पाठ केलं.

दुसरा अंक. राणी ठरल्याप्रमाणे पाया पडली. मालकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"चल, चालता हो! बहिणीच्या जिवावर पोसलेलं बांडगूळ तू! या दरबारात पुन्हा दिसलास तर तंगडं मोडून हातात देईन!"

राजाच्या तोंडी तंगडं जरा खटकलं, पण टाळ्या कडकडून पडल्या. मेहुणा क्षणभर थबकला. हे नाटकातलं नाही, एवढं त्याला कळलं. त्याने लवून मुजरा केला आणि निघून गेला.

मालकांचा जीव गारेगार झाला. प्रजेकडे वळून त्यांनी हात उंचावला.

"प्रजाजनहो!"

पुढे काही नाही.

"प्रजाजनहो!" जरा दमदार.

डोकं घासूनपुसून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख. नजर सवयीने शेजारी गेली. तिथे कुणी नव्हतं. इतकी वर्षं वाक्यं आपोआप येतात असं ते समजत होते. ती कुठून येत होती ते आत्ता, घामाने मिशी सुटत असताना, कळलं. त्यांनी राणीकडे पाहिलं. तिला ते भाषण झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. पण ‘बांडगूळ’ हा शब्द तिच्या माहेरालाही लागला होता. ती ताठ मानेने गप्प राहिली.

तेवढ्यात विंगेतून ओळखीची कुजबुज आली. मालकांना रडूच कोसळायचं बाकी होतं. कानात आलेलं तोंडातून जाताना मध्ये डोक्याशी थांबवायची सवय त्यांची केव्हाच सुटली होती. ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"प्रजाजनहो! संशयाने मी आंधळा झालो. आजपासून हे राज्य आणि हा मुकुट माझ्या मेहुण्याचा!"

शेवटचा शब्द बाहेर पडला आणि मग अर्थ पोचला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "महाराजांची आज्ञा!" राणी सगळ्यांआधी ओरडली. मेहुणा अर्धी दाढी उपटलेल्या अवतारात सावकाश आत आला आणि मालकांसमोर उभा राहिला.

"वाका जरा, दाजी," तो टाळ्यांच्या गलक्यात हळूच म्हणाला.

"तू आत चल, मग बघतो तुला."

"आत कशाला? लोक इथे बसलेत. हसा."

मालक हसले आणि वाकले.