देव अजून पाण्यातच

“देव पाण्यात घालायला सारं गाव लोटतं, पोरी, काढायला कुत्रं बी येत नाय. ज्यानं घातला त्यानंच काढायचा. कोरड्या फडक्यानं पुसायचा, आन् मंग बोललेला शब्द पुरा करायचा. त्याच्यात टाळाटाळ नाय.”

आवडाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. पण श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, हातात तांब्या आणि बेलाची पानं घेऊन कॉलनीच्या देवळाशी उभ्या राहिलेल्या मंजुषाला सासूचा तो आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की तिनं वळून मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. पुढं महादेवही दिसत नव्हता. दिसत होतं ते हिरवट पाणी, त्यात कुजलेला एक हार, आणि वळवळणारी डासांची पिल्लं.

बुडालेल्या देवाला आणखी पाणी काय घालायचं? तिनं बेल उंबऱ्यावर ठेवला आणि भरला तांब्या पारावरच्या पिंपळाला घातला. पाणी वाया घालवायची सवय तिच्या हाताला नव्हती.

ती सवय आवडाबाईंनीच मोडली होती. सिल्लोडकडच्या कोरडवाहू गावातून लेकाकडं शहरात आल्या तरी त्यांची चाल बदलली नाही. “पाण्याला तीन घरं हिंडव, मंग मातीला दे,” म्हणायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत, भाजी धुतलेलं खरकट्या भांड्यांवर, आणि भांड्यांचं जास्वंदीला. मंजुषाच्या घरी हे गेली पंचवीस वर्षं चाललं होतं. तिनं कधी त्याचा फोटो काढला नाही.

फोटो काढणारे दुसरे होते.

दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा नंदादीप कॉलनीला पाण्याचं प्रेम एकाएकी उफाळून आलं. फाटकावर मोठा फलक लागला, ‘थेंब थेंब मोलाचा’. त्यावर थेंब होता लिंबाएवढा आणि कॉलनीचे अध्यक्ष अभयराव होते कलिंगडाएवढे. अभयरावांनी ग्रुपवर रोज सकाळी अर्ध्या बादलीत अंघोळ कशी करावी ते शिकवलं. त्यांच्या पत्नी तनुजाताईंनी पाहुण्यांना अर्धाच पेला पाणी द्यायचं हे महिला मंडळाला शिकवलं, आणि उरलेला अर्धा कुठं जातो हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या गच्चीवर दोन टाक्या होत्या. एक दाखवायची, दुसरी वापरायची.

बोअर आटली तेव्हा मात्र अभयराव घाबरले. गच्चीचं पाणी बोअरला नेणारा शोषखड्डा घाईघाईनं काढायचं ठरलं. खड्डा खणला मागच्या गल्लीतल्या कडुबानं, वैशाखाच्या उन्हात, चार दिवस. उद्घाटनाला फावडं मात्र अभयरावांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते उलटं धरलं होतं.

आषाढही अर्धा कोरडा गेला. तेव्हा कुणाच्या तरी तोंडून निघालं, देव पाण्यात घाला.

जुनी रीत आहे. पिंडीभोवतीच्या कुंडाची मोरी चिंध्यांनी बुजवायची, पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं आणि देवाला कोंडायचं. देव गुदमरला की पाऊस धाडतो म्हणतात. पाणी ज्याच्या त्याच्या घरचं, पिण्यातलं हवं. देवाकडं मागायचं तर आपल्या घोटातलं द्यायचं, एवढाच त्यातला अर्थ.

कॉलनीनं तो अर्थ आपल्या परीनं लावला. चाळीस घरं, घरटी एक हंडा असा हिशोब होता. कोणी एसीतून ठिबकलेलं पाणी आणलं, कोणी फिल्टरमधून वाया जाणारं. एका बाईनं तांब्याभर आणलं आणि तांब्या चांदीचा असल्याचं सगळ्यांना सांगितलं. तनुजाताईंनी फुलांच्या परातीतलं पाणी ओतलं. पाकळ्या जास्त, पाणी कमी. मंजुषानं आपला भरला हंडा ओतला. तरी पिंडीचा माथा तीन बोटं उघडाच.

“आता काय करायचं? अर्धवट बुडालेला देव अर्धवटच पाऊस देईल की!” अभयराव घड्याळ बघत म्हणाले. त्यांना बातमीदार यायच्या आत उरकायचं होतं.

तेवढ्यात कडुबाची बायको भागूबाई आली. कॉलनीतल्या चार घरची भांडी घासायची, त्यात अभयरावांचं घर एक. तिला कोणी बोलावलं नव्हतं. डोक्यावर दोन घागरी, एकावर एक. ते पाणी तिनं अर्धा कोस चालून आणलेलं होतं. दोन्ही तिनं कुंडात रिकाम्या केल्या. पिंड बुडाली. वर एक बुडबुडा आला.

गप्प बसायची लाज वाटली म्हणून अभयराव बोलले. बेलाचं पान हातात घेऊन म्हणाले, “महादेवाच्या साक्षीनं सांगतो! पाऊस आला, बोअर भरली, की मागच्या गल्लीला रोज सकाळी एक तास आपल्या बोअरचं पाणी! हा चाळीस घरांचा शब्द!”

“हर हर महादेव!” चाळीस घरं ओरडली. बेलाचं पान मंजुषाच्याही हातात होतं. तिनंही तोच शब्द उच्चारला, हलक्या आवाजात; पण उच्चारला. आणि त्या दिवसापासून चहा सोडला. शब्द पुरा होईपर्यंत चहा नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीतून गल्लीकडं तोंड करून एक पितळी नळ बसला. नळाबरोबर अभयरावांचा फोटो निघाला. बोअर कोरडी, म्हणून नळही कोरडा. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि पाऊस आला. असा आला की हर्सूलचा तलाव वाहिला, नाले रस्त्यावर आले, आणि कडुबानं खणलेल्या खड्ड्यातून गच्च्यांचं पाणी पंधरा दिवस बोअरमध्ये उतरत राहिलं. बोअर तोंडाशी आली.

त्याबरोबर कॉलनीची अक्कल पुन्हा तळाला गेली. ‘थेंब थेंब मोलाचा’ फलकाखाली पाइप लावून गाड्या धुतल्या जाऊ लागल्या. भर पावसात गाडी धुणारा माणूस मंजुषानं पहिल्यांदाच पाहिला. वर आकाश धूत होतं, खाली अभयराव धूत होते. दोघांत जणू पैज लागली होती. तनुजाताईंनी अंगण धुतलं, जिना धुतला, मग उरलेलं पाणी संपेना म्हणून रस्ता धुतला. ग्रुपवर अर्ध्या बादलीच्या जागी आता भज्यांचे फोटो येऊ लागले.

आणि देव? देव पाण्यातच.

मोरीतली चिंधी ओढायला चार क्षण पुरले असते. पण अभयरावांनी त्याचा ‘जलमुक्ती सोहळा’ ठरवला होता. गुलमंडीच्या बाजारातून फेटे आणि शाली आणून ठेवल्या होत्या. एक बडे पुढारी यायचे होते, आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. तोवर महादेवानं श्वास धरून बसायचं होतं.

देव पाण्यात जाऊन सव्वीस दिवस झाले होते. देवळातून मंजुषा तशीच अभयरावांकडं गेली. ते पोर्चमध्ये पाइप धरून उभे होते.

“या, या वहिनी! सोमवारचा उपास का? प्रसाद घेऊनच जा.”

“भाऊजी, देवाला बाहेर काढायचं राहिलंय.”

“राहिलं नाही हो, ठेवलंय. साहेबांची तारीख आली की काढू.”

“पाण्यात डास झालेत.”

“हां, ते ऐकलं मी. फवारणीवाल्याला सांगितलंय.” अभयरावांनी पाइप बोनेटकडं वळवला. “काळजी करू नका. महादेवानं हलाहल पचवलंय, डास काय चीज आहे!”

स्वतःच्या विनोदावर ते मनमोकळं हसले. मंजुषा हसली नाही.

“आणि मागचा नळ?”

“कोणता नळ?”

“तुम्ही साक्ष काढली होतीत तो.”

“अच्छा, तो!” अभयराव गंभीर झाले, गंभीर होताना ते नेहमी आवाज खाली आणत. “वहिनी, तेव्हा सिच्युएशन अलग होती. आता पाऊस झालाय ना? सगळ्यांसाठीच झालाय. आता त्यांनी आपलं बघावं. एकदा सवय लावली की मग हक्क सांगतात लोक. तरी मी मीटिंगमध्ये विषय घेतो. उपसमिती नेमू.”

आतून तनुजाताईंचा आवाज आला, “अहो, त्यांना संध्याकाळचं सांगितलं का? वहिनी, वर्षा महोत्सव आहे हं मैदानावर! रेन डान्स! टँकर सांगितलाय खास!”

बाहेर सरी कोसळत होत्या, आणि पावसात नाचायला पाऊस विकत आणला जात होता. जीभ चावून मंजुषा म्हणाली, “बरं,” आणि निघाली. व्रताच्या दिवशी वाईट बोलू नये, असा तिचा नेम होता. त्या नेमाचा तिला त्या दिवशी फार त्रास झाला.

मागच्या फाटकाशी भागूबाई भेटली. डोक्यावर हंडा होता.

“भागूबाई, अजून लांबूनच आणता?”

“मंग? पाऊस आला म्हणून टँकर बंद झाला आमचा. हापसा मोडलेलाच हाय. पत्र्यावरचं धरतो, पर ते प्यायला भागतंय व्हय? नातवाला जुलाब लागलेत.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, हंडा सावरत ती हसली. “वैनी, एक विचारू का? तुमचा देव पवायला शिकला का न्हाई अजून?”

मंजुषानं हातातला रिकामा तांब्या पदराआड घेतला.

“अध्यक्षांची गाडी रोज न्हाती,” भागूबाई म्हणाली. “माझी सून तिसऱ्या दिशी न्हाती. म्या म्हणते तिला, तुला चार चाकं असती तर बरं झालं असतं.”

“मी शब्द दिला होता, भागूबाई.”

“तुमी एकट्यानं कुठं दिला? समद्यांनी दिला. समद्यांनी दिलेला शब्द कुणाचाच नसतो, वैनी. म्हनून तर समदे देत्यात.”

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर सोसलं असतं. तिनं ते हंडा डोक्यावर नीट बसवत, दुपारच्या भाकरीबद्दल बोलावं तसं म्हटलं आणि ती गेली. नळ तिच्या वाटेवरच होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मंजुषा घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसली. माळ हातात घेतली, पण मणी पुढं सरकेना. अभयरावांना मनातल्या मनात बोल लावणं सोपं होतं. ते तिनं सव्वीस दिवस केलं होतं. चहा सोडला, बेल वाहिला, पिंपळाला पाणी घातलं. पण चिंधी ओढायला तिचा हात कुणी धरला होता? अभयराव तारखेची वाट बघत होते, आणि ती अभयरावांची. चहा सोडून एका तहानेल्या लेकराची तहान भागत असती तर सासूबाईंनी शब्द पुरा करायला सांगितलंच नसतं. आपल्या उपासाची तिला पहिल्यांदा कीव आली.

तिचे यजमान पुंजाराम जेवून उठले होते. साधा, भित्रा, सरळ माणूस. कॉलनीचे चिटणीस होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असे.

“मागच्या नळाचा व्हॉल्व्ह कुठून उघडतो?” मंजुषानं विचारलं.

पुंजारामांचा हात टॉवेलातच थांबला. “पंपाच्या खोलीतून. का?”

“उघडायचा आहे.”

“मीटिंग झाल्याशिवाय?”

“देवाला पाण्यात घालताना मीटिंग झाली होती का?”

“अगं, अध्यक्ष विचारतील. मी काय सांगू त्यांना?”

“सांगा, बायको सोमवार करतेय.”

पुंजाराम आत गेले, आडवे झाले, पुन्हा उठले. मंजुषानं त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं पेटीतून आवडाबाईंचं जुनं लुगडं काढलं, मऊ झालेलं, आणि त्यातलं कोरडं फडकं फाडून घेतलं.

दिवस कलला. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मैदानावरून ढोलताशाचं रेकॉर्डिंग आणि ‘वन्स मोअर’ असा गलका येत होता. टँकर आला असावा. प्रदोषाची वेळ झाली म्हणून निरांजन लावायला मंजुषा देव्हाऱ्यापाशी गेली, तर अन्नपूर्णेच्या शेजारी, हळदकुंकवाच्या पाळ्याला टेकवून, पंपाच्या खोलीची किल्ली ठेवलेली होती. पुंजाराम बाहेरच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं होतं.

“दोन बादल्या ने,” ते पानाआडून म्हणाले. “एकीनं लई खेपा होतील. आणि कुंडातलं पाणी सांडू नको, मोरीच्या तोंडाशी बादली लाव. देवळामागच्या सोनचाफ्याला घाल, आई असती तर तेच म्हणाली असती.”

“परत आले की चहा टाकाल?”

वर्तमानपत्र हललं. “दोन कप टाकतो.”

मंजुषानं किल्ली कमरेला खोचली, कोरडं फडकं खांद्यावर टाकलं, दोन्ही हातांत बादल्या घेतल्या. मैदानावर कॉलनी विकतच्या पावसात नाचत होती, तिकडं न बघता ती कडेकडेनं देवळाकडं चालू लागली. आधी चिंधी, मग फडकं, मग किल्ली. सासूबाईंनी सांगितलेल्या क्रमानं.