रविवारच्या धरण्याचा फलक

मित्रांनो, मी एक जुना कापडी फलक आहे. या जिल्ह्यातल्या शालेय ग्रंथपालांच्या लढ्याचा सगळा इतिहास माझ्या अंगावर लिहिलेला आहे. म्हणजे एक ओळ लिहिलेली आहे. तीही शेवटाकडे बारीक होत गेली आहे, कारण पेंटरने आधी जागेचा अंदाज घेतला नव्हता.

माझा जन्म मालेगावच्या यंत्रमागावर झाला. मी साधा मांजरपाट. माझ्याबरोबर विणलेल्या कापडाचे उशांचे अभ्रे झाले, पिशव्या झाल्या. आपलंही असंच काहीतरी घरगुती, बऱ्यापैकी होईल असं मला वाटत होतं. पण मला मीनाताईंनी विकत घेतलं.

मीनाताई सातपूरच्या एका हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. अर्धवेळ हा शब्द पगारापुरता होता. काम पूर्णच असायचं, कारण अर्धं पुस्तक कुणी घरी नेत नाही.

त्यांनी मला पंचवटीत फकिरा पेंटरकडे नेलं. फकिराचा हात कुस्त्यांच्या आणि निवडणुकीच्या पाट्यांवर बसलेला. तो म्हणाला, "ताई, लाल भडक मारतो. रस्त्यावरनं जाणारा थांबला पाहिजे."

"नको हो. निळ्यात लिहा. वाचता आलं म्हणजे झालं."

"मग मोर्चा कशाला काढता? पत्र टाका."

अशी माझ्यावर ओळ उमटली: ‘प्रत्येक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल हवा’. ‘प्रत्येक’ एवढा मोठा झाला, की ‘हवा’ला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं. खाली संघटनेचं नाव आलं. ते वाचायला जवळ यावं लागायचं. कुणी आलं नाही.

माझ्या कामाला सुरुवात झाली. ज्या कार्यालयासमोर मला धरत, त्याचं नाव मी सांगत नाही. नाव सांगून त्याला फरक पडत नाही. आमच्या संघटनेचे अध्यक्ष यादव सर नांदगावहून पहाटेची गाडी पकडून यायचे. पेठकडून कुणी, मनमाडहून कुणी. सगळे आले, की मला दोन बांबूंना बांधायचे आणि धरणं सुरू व्हायचं.

धरणं म्हणजे काय व्हायचं, तेही सांगतो. यादव सर घोषणा द्यायचे, ‘आमच्या मागण्या…’ आणि बाकीचे ‘मान्य करा’ असं म्हणायचे, पण शेजाऱ्याला त्रास होणार नाही इतपतच. आयुष्यभर पोरांना गप्प बसवून त्यांचेच आवाज बसले होते. दुसऱ्या घोषणेनंतर प्रत्येक जण पिशवीतून पुस्तक काढायचा. एकदा एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, "कसली परीक्षा हाय आज? सेंटर कुठंय?"

पण खरी गोम वेगळीच होती. हे सगळं आम्ही रविवारी करायचो.

रविवारी कार्यालय बंद असतं. हे ग्रंथपालांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रत्येक वर्गाला पुस्तक बदलायला आठवड्यातून एकच तास मिळतो. तो बुडाला, की त्या वर्गाला आठवडाभर पुस्तक नाही. म्हणून कुणीच शाळेच्या दिवशी रजा टाकायला तयार होत नसे. निवेदन मग कुणाला द्यायचं? पहारेकरी सावळीरामला.

"म्याडम, आज रविवार हाय," सावळीराम दरवेळी सांगायचा.

"माहीत आहे दादा. उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवाल?"

"ठेवतो की. मागचंबी ठेवलंय. पण तुम्ही लोक लय सज्जन हाय. सज्जनाकडं कोण बघतंय?"

मित्रांनो, अशा कितीतरी रविवारी मी उन्हात उभा राहिलो. माझा निळा रंग विटला. पण मीनाताई मला घरी नेऊन धुवायच्या, घडी घालून ग्रंथालयातल्या कपाटात ठेवायच्या. त्या कपाटातून मला रोज आवाज ऐकू यायचे. मंगळवारी सहावी ब यायची. तो वर्ग दारातून धावतच आत शिरायचा. "बाई, त्या पाणबुडीचं आलं का?" "बाई, हिने पान दुमडलंय!" एवढा गोंगाट आमच्या धरण्यात झाला असता, तर मागण्या केव्हाच मान्य झाल्या असत्या.

मग ती बातमी आली. ज्या शाळांत ग्रंथालय वापरात नाही, तिथलं अर्धवेळ पद बंद होणार. यादव सर सातपूरला धावत आले. तो संवाद मी कपाटातून ऐकला.

"मीनाताई, आता रविवार पुरे. मंगळवारी बसायचं. साहेब खुर्चीत असताना."

"मंगळवारी सहावी ब असते, सर."

"एक आठवडा नाही वाचलं तर मरत नाहीत पोरं!"

"मरत नाहीत. सवय मोडते."

"आणि पद गेलं म्हणजे? तुम्ही येता म्हटलं, की सगळे येतील. एक दिवस, ताई. एकच."

मीनाताईंनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. त्या मंगळवारी जिल्ह्यातल्या ग्रंथपालांनी प्रथमच ग्रंथालयांना कुलपं लावली. मीनाताईंनी नेहमीसारखी किल्ली पर्समध्ये टाकली आणि मला खांद्यावर घेतलं.

काय गर्दी होती म्हणून सांगू! माझ्यामागे माणसं मावत नव्हती. पुस्तक कुणीच काढलं नाही. मीनाताईंनी स्वतः घोषणा दिली, आणि ती समोरच्या रसवंतीपर्यंत पोचली, कारण रसवाला यंत्र थांबवून बघायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा ताठ फडकलो.

सावळीराम फाटकाबाहेर आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आज कशाला आलात वो? साहेब नाहीत."

"कुठे गेले?" यादव सरांनी विचारलं.

"तुमच्याच पायी गेलेत. ते रविवारचे कागद मी ठेवत व्हतो ना, ते काल सगळे वाचले त्यांनी. म्हणले, एवढं लिहितात तर आपण स्वतः जाऊन बघू. सकाळीच निघाले. शाळाशाळांत जाऊन ग्रंथालयं बघणार हायेत."

घोषणा थांबल्या. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही, तरी सगळे गप्प झाले. मीनाताईंनी पर्स उघडली, किल्ली हातात घेतली आणि रिक्षा शोधायला धावल्या. माझं एक टोक त्यांच्याच हातात होतं. ते फरफटत गेलं. माझी कड तेव्हा फाटली.

शाळेत पोचलो, तेव्हा शिपाई चतुराबाई पायरीवर बसून होत्या.

"येऊन गेले का?" मीनाताईंनी विचारलं.

"गेले. मी म्हणले, सायेब, आमची बाई रोज असती, आजच नाय. तर म्हणले, मावशी, सकाळपासून सगळ्या शाळांत हेच ऐकतोय. कुलूप हातानं हलवून बघितलं आन् गेले." मग हळूच म्हणाल्या, "पोरं आली व्हती तासाला. दाराशी उभी राह्यली जरा येळ."

यादव सरांनी नंतर बरीच खटपट केली. साहेब सभ्य होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलंय हो." पद बंद झालं.

शेवटच्या दिवशी मीनाताईंनी पुस्तकांची धूळ पुसली आणि मला उघड्या मांडणीवर पडद्यासारखं बांधलं. अक्षरं पुस्तकांकडे केली.

"बाई, लिव्हलेलं आत गेलं की," चतुराबाई म्हणाल्या.

"असू दे. बाहेर कोण वाचतंय?"

तेव्हापासून मी इथे आहे. मांजरपाटाला धूळ अडवता येते. वाळवी अडवता येत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत ग्रंथालयाची खोली असेल, तर तिच्या दाराशी जरा गोंगाट करा. तुम्हाला गप्प करायला कुणीतरी बाहेर आलं, तर त्या माणसाला जपा. आणि मलाही कुणीतरी धुवा. मला धुवून घ्यायची सवय होती.

सहावी ब ला मंगळवारी आता गणिताचा जादा तास असतो. मीनाताई गंगापूर रोडला एका खासगी क्लासच्या काउंटरवर बसतात. ती नोकरी पूर्णवेळ आहे.